जुन्या गाडीचं आतलं काम घरीच कसं करायचं: रूफ लायनिंग, डोअर पॅड आणि तुटलेलं प्लास्टिक

मागच्या मे महिन्यात माझ्या २००७ च्या वॅगनआरचं रूफ लायनिंग मधोमध सुटलं आणि पंधरा दिवसात इतकं खाली आलं की आतल्या आरशात मागचा रस्ता दिसायचा बंद झाला, नुसतं राखाडी कापड दिसायचं. सीट कव्हरवाल्याकडे गेलो तर त्याने चार हजार सांगितले. त्याच्या दोन वर्ष आधी हेच लायनिंग एका दुकानात पाचशे रुपये देऊन चिकटवून घेतलेलं होतं, ते एक उन्हाळासुद्धा निघालं नाही, म्हणून यावेळेला म्हणलं आपणच खाली उतरवून बघू नेमकं सुटतं कुठून. उतरवलं आणि पाच मिनिटात कळलं. तेव्हापासून माझी गाडी, मामांची मारुती ८००, गल्लीतल्या दोन-तीन गाड्या असं काम केलं, तर ज्यांनी कधी गाडीचा एक स्क्रूसुद्धा उघडला नाही त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय.

आधी कारण समजून घ्या कारण त्याच्यावरच सगळं अवलंबून आहे. रूफ लायनिंग म्हणजे नुसतं कापड नसतं, वर दाबून बनवलेला एक पातळ बोर्ड असतो, त्याला खाली फोम आणि फोमला कापड. हा फोम उष्णतेने आणि दमट हवेने वर्षानुवर्षं खराब होत जातो आणि शेवटी त्याची पिवळट पावडर होते, बोट फिरवलं की पिठासारखी खाली पडते. म्हणजे कापडाचं फेविकॉल सुटलेलं नसतं, मधला फोमच मेलेला असतो. आता तुम्ही कापडाला कितीही भारी गम लावा, तो चिकटणार त्या पावडरीला, आणि पावडर बोर्डाला धरून नाहीच. भुसावळ-जळगावला मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात लावलेल्या बंद गाडीत डॅशबोर्ड ७० डिग्रीच्या आसपास तापू शकतो, छताचा पत्रा तर दिवसभर थेट उन्हात, त्यामुळे आपल्याकडे हे इतरांपेक्षा लवकर होतं. डोअर पॅडचं (दाराच्या आतल्या बाजूचं आवरण), डॅशबोर्डचं, सगळ्याचं तसंच आहे, जे वरून फाटलेलं दिसतं त्याचं कारण मागे असतं, मागचं न बघता वरून चिकटवलं की पैसे वाया.

काम कधी करायचं

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. हे मी फार महत्त्वाचं समजतो. आपण जो गम वापरणार तो दोन्ही बाजूंना लावून थोडा सुकू द्यायचा असतो, थंडीच्या दिवसात त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात आरामात कापड सरळ धरता येतं. मे मध्ये दुपारी तो तीन-चार मिनिटात कोरडा होतो, ब्रश फिरवेपर्यंत मागचा भाग सुकून जातो, मग कापड अर्धं चिकटतं अर्धं नाही. पावसाळ्यात उलटा त्रास, हार्डबोर्ड ओलावा धरून बसतो. उन्हाळ्यातच करायची वेळ आली तर पहाटे सहाला सुरू करा आणि नऊच्या आत गम लावायचं काम संपवा, आणि हो, सावलीत.

सामान

एक स्टार आणि एक चपटा स्क्रू ड्रायव्हर, १० चा पाना, एक जुना प्लास्टिकचा खरवडणा किंवा कडक प्लास्टिकची पट्टी (लोखंडी पट्टीने प्लास्टिकवर वळ उठतात), कडक नायलॉनचा कपडे धुवायचा ब्रश, दोन इंची रंगाचा ब्रश, नवीन ब्लेडचं कटर, तोंडाला मास्क. गमसाठी हार्डवेअरच्या दुकानात सरळ सांगा की कारच्या छताला लावायचाय, उष्णता सहन करणारा द्या, फेविकॉलचा हीटएक्स म्हणून येतो तो मी वापरला, एसआर ९९८ पण चालतो असं बरेच जण सांगतात पण छतासाठी मी उष्णतेवालाच घेईन. सुतारकामाचा पांढरा फेविकॉल छताला अजिबात नको. हा गम पेट्रोलसारखा पेट घेतो बरं का, मोकळ्या हवेत काम करा, जवळपास बिडी-सिगारेट, गॅस, काही नको, आणि बंद खोलीत लावला तर डोकं गरगरतं.

कापड घेताना “फोमवालं रूफ लायनिंगचं कापड” मागा, मागे साधारण ३ मिलीमीटरचा फोम चिकटवलेला असतो. ६० इंच पन्ह्याचं दोन मीटर माझ्या गाडीला पुरलं आणि थोडं उरलं, तुम्ही मात्र बोर्ड मोजून दोन्हीकडून चार-चार इंच जास्त धरून घ्या. नुसतं पातळ कापड स्वस्तात मिळतं म्हणून घेऊ नका, बोर्डावरचा प्रत्येक खड्डा-उंचवटा त्याच्यातून दिसतो आणि गम वर फुटून डाग पडतात. मला कापड, गम, ब्रश मिळून पंधराशेच्या आत पडलं.

रूफ लायनिंग

आधी बॅटरीच्या निगेटिव्ह (-) टोकाची वायर काढा, कारण केबिन लाइट उघडायचा आहे. मग दोन्ही सनवायझर, वरची धरायची हॅन्डलं, केबिन लाइट. हॅन्डलांचे स्क्रू प्लास्टिकच्या छोट्या झाकणाखाली लपलेले असतात, नखाने किंवा पट्टीने झाकण उचला. काढलेला प्रत्येक स्क्रू कुठला ते कळलं पाहिजे म्हणून मी प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पुडीत ठेवतो आणि त्याच्यावर लिहितो, मोबाईलवर फोटो पण काढतो, कंटाळा करू नका कारण चुकीच्या जागी लांब स्क्रू गेला तर तो पत्र्याला लागतो नाहीतर वायरीत घुसतो. दाराच्या चौकटीची रबर बिडिंग हाताने ओढली की निघते. पिलरची (काचांच्या मधले, छत धरणारे खांब) प्लास्टिकं क्लिपांवर असतात, वरून हळू ओढायची, मधल्या पिलरचं प्लास्टिक सीट बेल्टच्या बोल्टमागे अडकतं तर ते पूर्ण न काढता वरून नुसतं सैल केलं तरी बोर्ड सुटतो. बेल्टचा बोल्ट शक्यतो हलवूच नका, हलवला तर परत पूर्ण ताकदीने घट्ट करा, त्याच्यावर जीव असतो.

पुढच्या सीटा पूर्ण मागे झोपवा, मागची सीट पाडा आणि बोर्ड डिकीतून बाहेर काढा. एकाने पुढून धरायचं एकाने मागून ओढायचं, एकट्याने काढायला गेलात तर मधोमध मोडतो. मोडलाच तर घाबरू नका, मागच्या बाजूने जुन्या सुती कापडाची पट्टी गमने लावली की परत उभा राहतो.

एक गोष्ट मात्र काहीही उघडायच्या आधीच तपासा, गाडी एअरबॅगवाली आहे का आणि पिलरवर किंवा सीटच्या कडेला एअरबॅगची खूण आहे का. जुन्या बऱ्याच गाड्यांना एकही एअरबॅग नाही, ड्रायव्हर एअरबॅग सगळ्या नवीन गाड्यांना सक्तीची झालीच १ जुलै २०१९ पासून. पण खूण दिसली तर त्या पिलरला, स्टेअरिंगच्या मधल्या भागाला आणि त्या सीटच्या कव्हरला हात लावू नका, ते काम मेकॅनिकचं.

आता खरं काम. बोर्ड अंगणात उलटा ठेवा, जुनं कापड ओढून काढा (एका हाताने सरसर निघतं), आणि मास्क लावून नायलॉनच्या ब्रशने सगळी पिवळी पावडर घासून काढा. कोरडंच घासायचं, पाणी मारलं तर बोर्ड फुगतो, आणि लोखंडी ब्रशने बोर्डाचे धागे उपटून येतात. मला या एका कामाला दोन तास लागले, कडेला आणि लाइटच्या खड्ड्यात बारकाईने. हात फिरवल्यावर हाताला काही लागलं नाही पाहिजे, थोडं जरी राहिलं तरी तिथूनच पुढच्या वर्षी फुगा येणार. इथे सगळे घाई करतात, माझे पाचशे रुपये इथेच गेले होते, त्या दुकानवाल्याने बोर्ड उतरवलाच नव्हता.

चिकटवताना कापड बोर्डावर सरळ अंथरा, सगळीकडून सारखं बाहेर आलंय का बघा, मग अर्धं कापड उचलून मधोमध दुमडून ठेवा. म्हणजे एकावेळी अर्ध्याच बोर्डावर काम. बोर्डाला आणि कापडाच्या फोमला, दोघांना गमचा पातळ हात मारा, बोट लावलं की चिकटत नाही पण ओलसर वाटतं इतपत सुकू द्या, मग मधून कडेकडे हळूहळू कापड सोडत तळहाताने दाबत जा. एकदा चिकटलं की सरकत नाही त्यामुळे घाई करू नको भो, एकाने कापड धरायचं, एकाने दाबायचं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. बोर्डावर जिथे खोलगट भाग आहे (सनवायझरची जागा, लाइटभोवती) तिथे कापड ताणून वरून नेऊ नका. आधी बोटांनी खड्ड्याच्या तळाला टेकवा मग पुढे जा. ताणून नेलं तर त्या दिवशी एकदम टकाटक दिसतं, पण खाली पोकळी राहते आणि पहिल्याच उन्हाळ्यात गम मऊ पडला की कापड तिथून सरळ व्हायला बघतं, सुटायची सुरुवात तिथून. मी पहिल्यांदा हेच केलं होतं, ड्रायव्हरच्या डोक्यावर वाटीएवढा फुगा आला.

अर्धं झालं की उरलेलं अर्धं तसंच. कडेला दोन इंच सोडून कापा, मागे दुमडून गम लावा, वळणावर छोट्या चिरा द्या म्हणजे चुण्या पडत नाहीत. लाइटच्या भोकाला मधोमध फुलीसारखी चीर देऊन कोपरे आत वळवा, हॅन्डलच्या स्क्रूची भोकं बोटाने चाचपून टोचा. एक पूर्ण दिवस सावलीत सपाट ठेवा आणि मगच गाडीत चढवा.

डोअर पॅड

मामांचं गाव रावेर तालुक्यात, त्यांच्या मारुती ८०० च्या चारही पॅडची खालची कड फुगून पुस्तकाच्या पानांसारखी उघडली होती आणि रेक्झिन लोंबत होतं. मामा म्हणे, “भाचे, हे तेवढं रेक्झिन ठोकून दे, चुका (बारीक खिळे) मार नाहीतर काही.” मी म्हणलं मामा आधी उघडून बघू.

हाताने फिरवायच्या काचेचं हॅन्डल काढताना बरेच जण अडकतात, कारण त्याला स्क्रूच दिसत नाही. हॅन्डलमागे घोड्याच्या नालेसारखी एक तारेची क्लिप असते. एक सुती फडकं हॅन्डल आणि पॅडच्या फटीत घालून दोन्ही टोकं धरून बूट पुसतात तसं इकडून तिकडे ओढा, क्लिप फडक्याच्या धाग्यात अडकून टुण्णकन उडते, म्हणून दुसरा हात वर धरा नाहीतर क्लिप शोधण्यात अर्धा तास जाईल. पॉवर विंडो असेल तर स्विचचा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) मागून सोडवायचा, वायर ओढायची नाही, कपलरची जीभ दाबायची. मग आर्मरेस्टचे स्क्रू, आतल्या हॅन्डलच्या वाटीचा स्क्रू, आणि शेवटी पॅड खालच्या कोपऱ्यातून पट्टी घालून एकेक क्लिप ठक्-ठक् सोडवत वर जायचं. क्लिपच्या अगदी जवळ पट्टी घाला, लांबून जोर लावला तर क्लिप राहते आणि हार्डबोर्ड फाटतो. दोन-चार क्लिपा तुटणारच, त्या जुन्या झालेल्या असतात. दुकानात जाताना तुटलेली क्लिप सोबत न्या, गाडीचं नाव सांगून चालत नाही, जाडीत थोडा जरी फरक पडला तरी एक तर बसत नाही नाहीतर खडखड वाजते.

पॅड निघाल्यावर मागे दाराला चिकटवलेला प्लास्टिकचा कागद दिसतो. तो पॅकिंगचा कागद नाही, तो पाणी अडवायला आहे. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात जातंच, ते दाराच्या खालच्या भोकातून बाहेर पडायचं असतं, पॅड त्याच्यापासून कोरडा ठेवायचं काम त्या कागदाचं. मामांच्या दारात कागद कुणीतरी कधीच फाडून फेकलेला होता, आणि खालची भोकं आपल्या काळ्या मातीने बुजून गेलेली, कारण गाडी रोज मळ्यात. तार घातली तर भोकातून अर्धा लोटा चिखलाचं पाणी निघालं. मामा बघतच राहिले, म्हणे, “म्हणजे हे पाणी दहा वर्षं आत हिंडून राहिलं होतं का रे?” चुका ठोकून कड बंद केली असती तर पुढच्या पावसाळ्यात परत तेच.

तर आधी भोकं साफ, मग गंज असेल तिथे घासून रेड ऑक्साइडचा (गंज रोखणारा लाल रंग) हात, मग जाड पॉलिथिन दाराच्या मापाने कापून चांगल्या डबल साइड टेपने चारी बाजूंनी चिकटवायचं, खालची कड मात्र दाराच्या आत वळवायची म्हणजे ओघळणारं पाणी आतच पडतं.

पॅड कमी फुगला असेल तर दोन दिवस सावलीत वाळवा, उघडलेल्या थरांत वॉटरप्रूफ फेविकॉल थोडं पातळ करून ब्रशने आत भरा, दोन्ही बाजूंनी पॉलिथिन आणि सपाट फळी लावून वर विटा ठेवा, रात्रभर. अगदी भुगा झालेला असेल तर तो पॅडच फर्मा म्हणून वापरा, ३ मिलीच्या हार्डबोर्डवर ठेवून पेन्सिलने आखा, सगळी भोकं आखा, आणि कापून आणा. मामांच्या दोन पॅडला मी नवीन बोर्ड केला, कापल्यावर चारी कडांना आणि मागे ऑइल पेंटचे दोन हात मारले, कंपनीने जे केलं नव्हतं ते. जुनं रेक्झिन धड असेल तर शाम्पूची पुडी कोमट पाण्यात टाकून जुन्या टूथब्रशने धुवा, वाळवा आणि तेच परत ताणून लावा. रेक्झिन ताणताना थोडं ऊन दाखवा किंवा हेअर ड्रायर फिरवा, मऊ पडलं की वळणावर छान बसतं.

स्वतः करायची इच्छा नसेल किंवा पॅड पूर्ण प्लास्टिकचा असून मधून तडकला असेल तर जळगावला भंगार बाजारात फिरा, त्याच मॉडेलचा सुटा पॅड मिळू शकतो. जाताना आपल्या पॅडच्या मागचा-पुढचा फोटो न्या, कारण एकाच गाडीच्या पॉवर विंडोच्या आणि साध्या पॅडची भोकं वेगळी असतात.

तुटलेलं प्लास्टिक

तुटलेला तुकडा उलटा करा, मागे बारीक अक्षरात प्लास्टिकचा प्रकार इंग्रजीत छापलेला असतो, एबीएस (ABS) किंवा पीपी (PP) असा. एबीएस असेल तर फेविक्विक, एरलडाइट दोन्ही धरतात, आणि मागून फेविक्विकवर चिमूटभर खायचा सोडा टाकला की दगडासारखं घट्ट होतं (धूर डोळ्याला लागतो, तोंड लांब ठेवा). पीपी असेल तर यातलं काहीच नीट धरत नाही, चार दिवसात सुटतं आणि आपल्याला वाटतं गम डुप्लिकेट होता. पीपीला सोल्डरिंग आयर्नने मागच्या बाजूने बारीक स्टीलची जाळी वितळवून आत बसवायची, वरून त्याच प्लास्टिकचा तुकडा वितळवून झाकायचं. भेग लांब होत चालली असेल तर तिच्या टोकाला २ मिलीचं भोक पाडा, भेग तिथे थांबते. हे डॅशबोर्डला पण लागू.

चिकट झालेले स्विच आणि दाराची हॅन्डलं, म्हणजे वरचा मऊ रबरासारखा कोट जो उष्णतेने पाघळतो, त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसत राहा, पूर्ण कोट निघतो आणि खालचं साधं प्लास्टिक येतं. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघा. थिनर लावू नका, थिनर प्लास्टिकच खातो.

डॅशबोर्डला चमकण्यासाठी खोबरेल, डिझेल, टायर पॉलिश लावायची सवय आपल्याकडे फार आहे. त्याने धूळ चिकटते आणि दुपारी समोरच्या काचेत डॅशबोर्डचं प्रतिबिंब पडतं, रस्ता धड दिसत नाही. शाम्पूच्या पाण्याने पिळलेलं फडकं, मग कोरडं फडकं, बस. स्टेअरिंग आणि पायाखालच्या पेडलला तर कुठलंच पॉलिश नको, घसरतं.

स्टेअरिंगचं साल निघत असेल तर नुसतं वरून चढवायचं सैल कव्हर घेऊ नका, वळणावर कव्हर फिरतं आणि स्टेअरिंग तिथेच राहतं. सुई-दोऱ्याने शिवायचं कव्हर मिळतं, संध्याकाळी बसलं की दोन तासात होतं.

सीटा

यावल-रावेर-चोपड्याकडच्या लोकांसाठी एक वेगळं सांगतो. केळीच्या चिकाचा डाग. घड गाडीत टाकून आणला की चीक सीटच्या कापडाला लागतो, तेव्हा पाण्यासारखा दिसतो म्हणून लक्ष जात नाही आणि मग हवेने काळपट-तपकिरी होतो, एकदा झाला की कशानेच पूर्ण जात नाही, मी साबण, लिंबू, पेट्रोल सगळं करून बघितलं आहे. ओला असतानाच साबणाच्या पाण्याने लगेच धुतला तर काही प्रमाणात जातो. पक्का बसला असेल तर तेवढा चौकोन उसवून दुसरं कापड लावून घेणं स्वस्त पडतं, शिवणारा पन्नास-शंभरात करतो, रंग जुळत नसेल तर दोन्ही सीटांना त्याच जागी पट्टी लावून घ्या म्हणजे मुद्दाम केल्यासारखं दिसतं. मामांच्या गाडीला तसंच केलंय. आणि घड न्यायचाच असेल तर खाली गोणपाट नाही, जाड ताडपत्री, गोणपाटातून चीक पाझरतो.

लायनिंग बसवल्यावर पहिल्या उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी सनवायझरच्या मागून आणि मागच्या काचेच्या वरून बोट दाबून बघत राहा. रुपयाएवढा फुगा दिसला तर लगेच इंजेक्शनच्या सिरिंजने थोडा गम कापडाच्या विणीतून आत सोडा, दोन-तीन मिनिटांनी अंगठ्याने दाबून धरा, थेंबभरच घ्या, जास्त झाला तर बाहेर डाग येतो. तळहाताएवढा होऊ दिलात तर सिरिंजने होत नाही, बोर्ड परत उतरवावा लागतो.